ओठ सुजतो तेव्हा आधी गोळ्यांची पिशवी उघडा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेकडे जंगलपट्टीत तुमचं गाव, घरची काजूची बाग. आईंचं वय ६१. मे महिन्यापासून त्यांचा ओठ तीनदा सुजला: एकदा मे महिन्यात, एकदा जुलैच्या अखेरीस आणि आता या आठवड्यात. प्रत्येक वेळी पहाटे उठल्यावर लक्षात आलं. खाज नाही, अंगावर पित्त नाही, ठणका नाही, नुसता ताण आणि जडपणा. एकदा वरचा ओठ, एकदा खालचा आणि थोडा गाल. दोन दिवसांत उतरतो. शेजारणीने पाल फिरली म्हणून चुना लावायला सांगितला, मेडिकलमधून अंगावरच्या पित्ताची, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी आणली, दोनदा इंजेक्शनही झालं आणि त्याने बरं वाटलं. जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की तीन वर्षांपासून त्यांना बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. आणि प्रश्न विचारलाय की कुठलं मलम लावू, आणि काजू खाणं बंद करू का.

माझा डोळा त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर अडकला. मलमाचा प्रश्न नंतर घेऊ. आधी बीपीच्या गोळीचं नाव काय, ते बघा. पाकिटावरचं कंपनीचं मोठं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं ते. ते ‘प्रिल’ने संपत असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल यांपैकी काही, तर माझा पहिला संशय त्या गोळीवर आहे. नाव दुसरंच निघालं तर पुढचं बरंच बदलेल, ते मी खाली लिहितेच. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हा संशय आहे, निदान नव्हे. पण असा संशय, की ज्याची खातरजमा आजच्या आज करावी.

मला असं का वाटतं ते सांगते.

ओठाची कातडी पातळ, आतली जागा सैल आणि रक्तवाहिन्या भरपूर. त्यामुळे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की ते सगळ्यात आधी ओठात आणि पापण्यांत दिसतं. हे झिरपणं घडवणारी रसायनं मुख्यतः दोन. एक हिस्टामिन. अ‍ॅलर्जीत सुटतं ते हे. ते आलं की खाज येते, लाली येते, बहुतेक वेळा अंगावर गांधी उठतात, आणि सगळं वेगाने होतं, मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत. सेटिरिझिन, अ‍ॅव्हिल या गोळ्या याच हिस्टामिनला अडवतात. दुसरं रसायन ब्रॅडिकायनिन. याच्या सुजेला खाज नसते, गांधी नसतात, ती हळूहळू चढते आणि दोन-तीन दिवस रेंगाळते. पित्ताच्या गोळीचा तिच्यावर काही परिणाम होत नाही.

ब्रॅडिकायनिन शरीरात सतत तयार होत असतं आणि एक विकर ते सतत मोडत असतं. ‘प्रिल’ गटातल्या गोळ्या नेमकं तेच विकर बंद करतात, त्यातूनच बीपी उतरतं. पण मोरीचं तोंड बुजलं की पाणी साचतं, तसं काही माणसांत हे रसायन साचतं आणि कधीतरी ओठात, जिभेत, घशात उतरतं. अशी माणसं थोडी, हजारात एक ते सात. बाकीच्यांना ही गोळी उत्तम चालते, मूत्रपिंडं जपते, म्हणून मधुमेह असलेल्यांना ती मुद्दाम दिली जाते. तुमच्या डॉक्टरांनी ती दिली यात काही चूक नाही.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. लोक म्हणतात, ‘गोळी तर तीन वर्षं चालू आहे, सोसायची नसती तर पहिल्याच महिन्यात नसतं का कळलं?’ नाही कळत. बऱ्याच जणांना हा त्रास सुरुवातीच्या आठवड्यांत होतो हे खरं, पण महिन्यांनी, वर्षांनीही तो पहिल्यांदा होऊ शकतो. शिवाय रोज गोळी घेऊन रोज ओठ सुजत नाही. तीन महिने काही नाही, मग एक दिवस सुजतो, मग पुन्हा दोन महिने काही नाही. त्यामुळे गोळीकडे बोट जातच नाही. आदल्या रात्री काय खाल्लं, कुठे झोपले, पाल कुठे होती, यांवरच संशय घेतला जातो.

आता शुगरची गोळी. तिच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ आहे का बघा. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन वगैरे. ही गोळी एकटी असेल तर सहसा निरुपद्रवी. पण ‘प्रिल’सोबत असेल तर अशा सुजेची शक्यता वाढते, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनच्या बाबतीत हे दिसून आलंय. कोणी तीन वर्षं ‘प्रिल’ घेत होतं आणि मध्येच शुगरची गोळी बदलून ‘ग्लिप्टिन’ सुरू झाली, तर ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आताच का?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडू शकतं. तुमच्याकडे शुगरची गोळी मेच्या आधी बदलली होती का, ते जुन्या चिठ्ठ्यांत शोधा.

आणखी एक विचारा: आईंना कोरडा खोकला आहे का? ढास लागल्यासारखा, कफ नाही, रात्री जास्त, औषधाने न जाणारा? ‘प्रिल’ घेणाऱ्या बऱ्याच जणांना तो होतो. तो असला म्हणजे ओठ सुजणारच असं नाही, पण दोन्ही एकत्र असतील तर मी फार विचार करत बसत नाही.

इंजेक्शनने बरं वाटलं असं तुम्ही म्हणता. किती वेळात वाटलं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलं असेल तर ते इंजेक्शनचं यश नाही, सूज आपल्या वेळेने उतरली. अ‍ॅलर्जीची सूज इंजेक्शननंतर काही तासांतच ढिली पडते. घरातली मंडळी हमखास सांगतात की सुई मारली आणि उतरलं, पण मी नेहमी घड्याळ विचारते.

काजूचं म्हणाल तर मेमधली सूज काजूवर ढकलता येईल, हंगामच तो. पण जुलैच्या अखेरीस, भर पावसात, कच्ची बी कोण फोडतंय? आणि काजूच्या चिकाने होणारं दुखणं वेगळं दिसतं. आपल्या भागात ते खूप दिसतं, म्हणून त्यावर जरा थांबते.

काजूच्या टरफलात जे काळपट तेल असतं ते कातडी जाळतं. पोरं बोंडू चोखतात, बी तशीच चिकटलेली असते, नाहीतर कच्ची बी दातांनी फोडायला जातात, आणि ओठ, हनुवटी, बोटं भाजल्यासारखी होतात. जास्त तेल लागलं तर लगेच चरचरतं, काळे डाग पडतात. कमी लागलं तर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड, मग लस येते आणि खपली धरते. तोंडाभोवती हे आठवडा-दोन आठवडे टिकतं. आंब्याचा चीक हे याचंच भावंड. देठाकडचा चीक न काढता आंबा तोंडाला लावून चोखला की ओठांचे कोपरे उततात. आणि तिसरा बिब्बा. तो उतला की काय होतं हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. काजू, आंबा, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं आणि त्यांच्या चिकातली द्रव्यं एकमेकांच्या नात्यातली. त्यामुळे एकाने उतलेल्या माणसाने इतर दोघांना जपूनच हात लावावा. उपाय साधा: लागल्या लागल्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुणं, नखांतलाही चीक काढणं, गार पाण्याच्या घड्या, वर व्हॅसलिन. फोड आले, डोळ्यापर्यंत सूज चढली, तर डॉक्टरांकडून थोड्या दिवसांचं स्टिरॉइड लागू शकतं. बी फोडण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळायची रीत आहे ती चांगली, पण त्यावर विसंबू नका. हातमोजे घाला.

हे झालं चिकाचं. भाजलेला काजूगर खाऊन होणारी अ‍ॅलर्जी पूर्ण निराळी. ती गर खाल्ल्यावर मिनिटांत उठते, तोंड खाजतं, ओठ फुगतो, उलटी होते, अंगावर गांधी येतात, आणि ती जिवावर बेतू शकते. आईंनी आयुष्यभर काजू खाल्लेत, सूज पहाटे येते, खाज नाही. ती शक्यता मी बाजूला ठेवते. काजू बंद करायची गरज दिसत नाही.

बेळगाव भागात खाण्यातून ओठ सुजण्याची जी कारणं मी जास्त बघते त्यांत कोळंबी आणि खेकडे पहिले. मग शेंगदाणे, अंडं, लहान मुलांत दूध. वांगं खाल्लं की ओठ खाजतो म्हणणारेही बरेच भेटतात, त्यांच्यात सूज क्वचित पुढे जाते. बांगड्याचं प्रकरण वेगळं: घाट चढून येईपर्यंत बर्फ नीट नसेल तर माशात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. मग जेवलेल्या सगळ्यांचीच तोंडं लाल होतात, ओठ चुणचुणतात, डोकं दुखतं. एकाच पंगतीत तिघा-चौघांना झालं तर ती माशाची अ‍ॅलर्जी नसून मासा शिळा होता असं समजावं, आणि पुढे मासेच बंद करू नयेत. पावसात रानातलं तेरं किंवा अळू कच्चं राहिलं तरी ओठ-जीभ सुजल्यासारखी होते. त्या पानांत सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक असतात ते टोचतात. नीट शिजवणं आणि चिंच-आमसूल घालणं ही आपल्या बायकांची रीत उगाच नाही.

पालीबद्दल एवढंच. आपल्या घरातली पाल विषारी नाही, आणि ती अंगावरून फिरून ओठ सुजत नाही. ‘कोळी मुतला’ म्हणून जे दाखवायला आणतात त्यातही कोळ्याचा दोष नसतो. ओठाच्या कडेला आधी चुणचुण, मग पाण्याच्या बारीक फोडांचा घोस, हा बहुतेक वेळा नागिणीच्या जातकुळीतल्या एका विषाणूचा उद्रेक असतो. ताप, ऊन, जागरण यांनंतर तो पुन्हा त्याच जागी येतो. चुण्याने त्याची जखम वाढते. चुना ओठावर कशासाठीच लावू नका, तो कातडी भाजतो. कोलगेट नको, जखमेवर हळद नको, आणि बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर एकच म्हणून मिळणारं मिश्र मलम तर अजिबात नको. त्यात बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड असतं, आणि ओठाची कातडी ते सोसत नाही.

तुमच्या प्रश्नातला ‘कुठलं मलम’ हा भाग इथेच संपवते. आईंच्या प्रकारच्या सुजेला मलम नाही. सूज खोल थरात आहे, वरून लावलेलं तिथे पोचत नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं धरला तर ताण कमी वाटेल, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओठ हा त्रासाचा भाग आहे, धोक्याचा नाही. धोका जिभेत आणि घशात आहे. तीनदा ओठावर निभावलं म्हणून चौथ्यांदाही ओठावरच थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पुढच्या वेळी ओठ सुजलेला दिसला तर आईंना बोलायला लावा. आवाज बदललाय का, घोगरा किंवा तोंडात काही धरून बोलल्यासारखा? जीभ जड वाटते का? थुंकी गिळता येतेय की तोंडातून गळतेय? श्वास घेताना आवाज येतोय का? चक्कर, घाम, उलट्या? यातलं एकही असेल तर गोळी देऊन वाट बघू नका, निघा.

कुठे जायचं, यावरून घरोघरी वाद होतात. ‘थेट बेळगावला नेऊ’ म्हणून खानापूरचा तालुका दवाखाना ओलांडून पुढे जातात. तसं करू नका. खानापूरहून बेळगाव २५ किलोमीटरच्या आसपास, आणि तुमच्या गावापासून खानापूरच किती लांब, हे तुम्हाला माहीत आहे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात फोनला रेंज नाही आणि रस्त्याचा भरवसा नाही. १०८ ला फोन लावा, पण गाडी यायला वेळ लागणार असं दिसलं तर मिळेल त्या वाहनाने निघा. जिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि ऑक्सिजन आहे असं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा, मग पुढे बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात, बिम्सला किंवा केएलईला. श्वासाचा त्रास असेल तर बसवून न्या. चक्कर येऊन पांढरे पडले असतील तर आडवं झोपवून पाय उंच धरा, उठवून चालवू नका.

अ‍ॅड्रेनालिनबद्दल मुद्दाम लिहिते. कोळंबी, शेंगदाणे, गांधीलमाशी किंवा प्रतिजैविकाची सुई, यांतल्या कशानेही अ‍ॅलर्जी उठून श्वास किंवा बीपी बिघडलं, तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. कुपी एका मिलीची, त्यात एक मिलिग्रॅम; मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे त्यानंतरचे सोबती. ते खाज आणि गांधी कमी करतात, घसा उघडत नाहीत. घरच्यांनी डॉक्टरांना शिकवू नये हे खरं, पण ‘अ‍ॅड्रेनालिन लागेल का?’ एवढं विचारायला हरकत नसते. आणि बरं वाटलं तरी लगेच घरी पळू नका, काही तास तिथेच थांबा, कारण तोच झटका पुन्हा उलटू शकतो.

‘प्रिल’च्या सुजेवर मात्र अ‍ॅड्रेनालिनचाही भरवसा नाही. कारण नक्की नसेल आणि श्वास अडत असेल तर ते देतातच, आणि द्यावंच. पण खरं काम असतं श्वासाची वाट सुरक्षित ठेवण्याचं, आणि ते मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात होतं. ब्रॅडिकायनिन अडवणारं इकॅटिबॅन्ट नावाचं इंजेक्शन आहे, महाग आहे. ते नसेल तर काही ठिकाणी ताजा गोठवलेला प्लाझ्मा देतात. म्हणून नेताना एक वाक्य तोंडपाठ ठेवा: ‘पेशंट बीपीसाठी अमुक प्रिल घेतो.’ तेवढ्याने समोरच्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

उद्याचं काम काय ते सांगते. खरं तर आजचंच. आईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. गुडघ्याची, झोपेची, वैद्याकडची पुडी, मुंबईच्या भाच्याने आणलेली शक्तीची, सगळ्या. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावर आम्हाला काही कळत नाही, रिकामं पाकीटही चालेल. आपल्याकडे एका माणसाचे डॉक्टर तीन गावांत असतात. बीपीचं बेळगावात, डोळ्याचं मिरजेत, आणि मुलगा गोव्यात कामाला म्हणून तिकडून आणलेलं आणखी काही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघितलेली नसते. शिवाय मेडिकलमध्ये त्याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा पत्ता मिळतो, रंग बदलतो, आणि घरच्यांना वाटतं गोळीच बदलली. म्हणून पिशवी.

‘प्रिल’ निघाली तर ज्यांनी ती दिली त्यांना आजच फोन करा आणि तीन वेळा ओठ सुजल्याचं सांगा. मी समोर असते तर तीच गोळी बंद करून दुसऱ्या गटातली दिली असती. अ‍ॅम्लोडिपिन चालतं. त्याने काहींच्या पायावर सूज येते, ती निराळी, घाबरायची नव्हे. टेल्मिसार्टन, लोसार्टन हा गटही बहुतेकांना चालतो, पण पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून. ओठ सुजलेला असताना ‘प्रिल’ची पुढची गोळी मात्र देऊ नका. डॉक्टर भेटेपर्यंत एखाद्या दिवसाची चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण बीपीची गोळीच नको म्हणून सगळं बंद करून घरी बसणं हा दुसरा खड्डा. आईंना हृदयाचं दुखणंही असेल, किंवा ही गोळी हार्ट अटॅकनंतर दिलेली असेल, तर बदल त्याच डॉक्टरांच्या हातून होऊ द्या, फक्त लवकर. आणि फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या की प्रिल गट चालत नाही. हे आयुष्यभरासाठी. पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात दुसऱ्या नावाने तीच गोळी सुरू होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आणि ‘प्रिल’ निघालीच नाही तर?

मग मी पुढचा प्रश्न गुडघ्यांबद्दल विचारते. ६१ व्या वर्षी भात लावणाऱ्या, बागेत राबणाऱ्या बाईचे गुडघे दुखत नाहीत असं होत नाही, आणि मेडिकलमधून सुटी गोळी आणली जात नाही असंही होत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, या दुखण्याच्या गोळ्यांनी ओठ आणि पापण्या सुजणं चांगलंच ओळखीचं आहे. ती सूज घेतल्यापासून काही तासांत येते, आणि ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी ती नाही. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, कंबर-गुडघे मोडायचे दिवस. त्या आठवड्यात काय घेतलं ते आईंनाच विचारा, सुनेला नको. सुनेला माहीत नसतं, आईंच्या उशाखाली असतं.

तेही नसेल तर घराण्यात बघायचं. कोणाचा ओठ, हात, चेहरा असाच सुजायचा का? अधूनमधून पोटात असह्य कळा येऊन दोन दिवसांत आपोआप बरं वाटायचं का? घसा बंद होऊन कोणी तरुणपणी गेलं का? अनुवांशिक अशी एक सूज असते, पन्नास हजारांत एखाद्याला. त्यात सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी किंवा निकामी असतं. ती सहसा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होते, त्यामुळे ६१ व्या वर्षी पहिल्यांदा दिसणं दुर्मीळ. पण तसलाच एक प्रकार चाळिशीनंतर रक्ताच्या काही आजारांसोबत उद्भवतो. पहिली तपासणी सी-४ नावाची, साध्या रक्तातून होते. ती कमी आली तर पुढच्या चाचण्यांसाठी मोठ्या रुग्णालयातच जावं लागेल.

इतरांचे ओठ इतर कारणांनीही सुजतात, ती पटकन सांगून टाकते. वरच्या ओठावर किंवा नाकाच्या बुडाशी लाल, दुखरा, गरम फोड, ताप, आणि त्यात मधुमेह: हा फोड कधीही दाबून फोडू नका. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूकडे जोडलेल्या आहेत आणि जंतू त्या वाटेने आत जाऊ शकतो. त्याच दिवशी दाखवा. समोरचा दात किडून मुळाशी पू झाला तरी ओठ सुजतो, आणि लोक ओठावर औषध करत बसतात. दातवाल्याकडे जा. दात काढायला भूल दिलेलं मूल बधिर ओठ चावून घेतं आणि संध्याकाळी ओठ भजीसारखा फुगतो. भूल उतरेपर्यंत त्याला खायला देऊ नका, लक्ष ठेवा. खालच्या ओठात निळसर पाणीदार गाठ, मऊ, येते-जाते, ती लाळेच्या ग्रंथीची. टोचू नका, लहानशा शस्त्रक्रियेने जाते. केस काळे करायच्या रंगाने पापण्या, कान, कपाळ सुजतं आणि सोबत ओठही. तंबाखू-चुन्याचा बार जिथे धरतात तिथे ओठ आतून पांढरा, जाड, चरबट होतो. निपाणीकडून आलेल्या माणसाचा खालचा ओठ मी विचारल्याशिवायच ओढून बघते. तिथली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायला हवा. आणि ओठ महिनोन्महिने जाडच राहिला, उतरतच नाही, तर तो अ‍ॅलर्जीचा नव्हे. थायरॉइड, आतड्याच्या आजारासोबतची ओठाची दाहक सूज, क्वचित कुष्ठरोग, हे बघावं लागतं. कानाच्या पाळ्या जाड आणि भुवया विरळ झाल्या असतील तर हे शेवटचं नाव मनात ठेवा. आज त्यावर पूर्ण उपचार आहेत आणि ते मोफत मिळतात.

खाज आहे, गांधी आहेत, पण श्वास ठीक, आवाज ठीक, अशा साध्या अ‍ॅलर्जीत घरी सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या माणसाला चालते. म्हाताऱ्या माणसांना अ‍ॅव्हिलपेक्षा हीच बरी. अ‍ॅव्हिलने त्यांना गुंगी येते, काहींची लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो. गोळी दिल्यावर माणसाला एकटं झोपायला पाठवू नका, दोन-तीन तास कोणीतरी जागं राहा.

आईंच्या बाबतीत शेवटचं एक. गोळी बदलली की दुसऱ्या दिवसापासून सगळं मिटलं असं समजू नका. ‘प्रिल’ थांबवल्यानंतरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, एखादी सूज येऊ शकते. ती आली म्हणून ‘गोळीचं कारण नव्हतंच’ असं ठरवून पुन्हा तीच सुरू करू नका. तोवर प्रत्येक वेळी मोबाईलवर फोटो काढा, वेळ लिहा, आदल्या दिवशी कुठल्या गोळ्या घेतल्या ते लिहा. तीन महिन्यांनंतरही येतच राहिली तर तो फोटो आणि ते कागद घेऊन सी-४ करायला बेळगावला या.